तात्पुरती महिला

वाचनालयासमोरच्या बसथांब्यावर बायकांना एका माणसाचा त्रास होतो, ही गोष्ट साऱ्या शहराला माहीत होती. पोलीस ठाण्याला मात्र ती अधिकृतरीत्या माहीत नव्हती. अधिकृतरीत्या माहीत व्हायला फिर्याद नोंदवावी लागते, आणि त्या ठाण्यात अशी फिर्याद आजवर एकदाही नोंदली गेली नव्हती. तक्रार घेऊन येणारी बाई तावातावाने आत शिरे आणि थोड्या वेळाने, आपलंच काहीतरी चुकलं असावं अशा खात्रीने, बाहेर पडे. या कामगिरीबद्दल ठाण्याला ‘महिलांसाठी सर्वाधिक सुरक्षित ठाणे’ अशी ढाल मिळत आली होती. ती साहेबांच्या खुर्चीमागे टांगलेली असे, आणि साहेब मागे रेलले की त्यांच्या टकलावर तिचा पिवळा उजेड पडे.

ढालीचं श्रेय अर्थातच हवालदारांचं होतं. हवालदार म्हणजे ठेंगणे, गोरेगोमटे, आणि शरीराच्या मानाने फार मोठी मिशी बाळगून असलेले गृहस्थ. ते कुणावर ओरडत नसत. आलेल्या बाईला खुर्ची देत, पाणी देत, आणि मग मोठ्या भावाच्या मायेने विचारत: त्या वेळी काय घातलं होतंत? त्या वेळेला तिथं काय काम होतं? लगेच का ओरडला नाहीत? घरी माहीत आहे का? उद्या चारचौघांत नाव झालं तर कसं? पाचव्या प्रश्नाला बाई स्वतःच म्हणे, “जाऊ द्या.” ते ‘जाऊ द्या’ ऐकलं की हवालदारांना मनापासून बरं वाटे. एक प्रकरण मिटलं, एक संसार वाचला, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. प्रामाणिक माणूस हाताशी असला की खात्याला लबाड माणसांची गरज उरत नाही.

सगळं सुरळीत चाललेलं असताना आयुक्तसाहेबांच्या मेहुणीची गाडी बिघडली. ती बाई आयुष्यात पहिल्यांदा बसच्या रांगेत उभी राहिली, आणि नेमकी त्या थांब्यावर. तिने ठाण्यात जाण्याचा मूर्खपणा केला नाही. ती थेट बहिणीच्या घरी जेवायला गेली आणि ताटावर बसल्या बसल्या मेव्हण्यांना सगळं सांगितलं. आयुक्तांचा घास घशातच अडकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याला ही गोष्ट अधिकृतरीत्या माहीत झाली.

साहेबांनी तातडीची बैठक बोलावली.

“तो माणूस या आठवड्यात आत पाहिजे,” साहेब म्हणाले. “सापळा लावायचा. थांब्यावर एक बाई उभी करायची, त्याने हात लावला की झडप. बाई कोण?”

ठाण्यात बाई एकच होती. तिला सगळे ताई म्हणत, तिच्या वडिलांच्या वयाचे फौजदारसुद्धा. ती रुजू झाली त्याच दिवशी साहेबांनी तोंडी आदेश काढला होता, की ठाण्याचं वातावरण घरच्यासारखं असावं. प्रशिक्षणात ताई कुस्तीत आणि नेमबाजीत पहिली आली होती. त्यामुळे पाहुण्यांना द्यायचा पुष्पगुच्छ कितीही जड असला तरी तिच्या हातून कधी पडत नसे. गुच्छ देणं, हरवलेलं मूल सांभाळणं आणि साखर संपल्याचं वेळेवर सांगणं, ही तिची कर्तव्यं होती.

“साहेब, मी जाते,” ताई म्हणाली. “मी रोज त्याच थांब्यावरून येते. माणूस कोण ते मला माहीत आहे. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, ऊन असो वा पाऊस, हातात छत्री. तो छत्रीच्या आडून...”

“म्हणजे तुम्हालाही त्रास झालाय?”

“दोनदा.”

“मग तुम्ही पूर्वग्रहदूषित झालात,” साहेब खेदाने म्हणाले. “तपास निष्पक्ष हवा. शिवाय धोका आहे. बाईमाणसाला काही झालं तर जबाबदार कोण? ही मोहीम महिलांच्या सुरक्षिततेसाठी आहे, तेव्हा महिलांना हिच्यापासून लांब ठेवणं हे आपलं पहिलं कर्तव्य.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. वरून नुकतंच एक परिपत्रकही आलं होतं, की कामाचं वाटप करताना स्त्री-पुरुष असा भेद करू नये. साहेबांनी त्याचा आधार घेतला. बाईचं काम बाईनेच का करायचं? पुरुषांवर हा अन्याय किती दिवस? त्यांची नजर रांगेवरून फिरत फिरत ठाण्यातल्या सगळ्यात ठेंगण्या आणि गोऱ्या माणसावर येऊन थांबली.

“साहेब, माझी मिशी...” हवालदार म्हणाले.

“कर्तव्यापुढे मिशी ती काय!”

आदेश निघाला. सदर हवालदारांना मोहिमेच्या कालावधीपुरते ‘महिला (तात्पुरती)’ म्हणून नेमण्यात येत आहे, असं त्यात म्हटलं होतं. खात्याच्या शिंप्याने निळा ड्रेस शिवला. शिंप्याला आयुष्यभर गणवेशाचीच सवय, त्यामुळे ड्रेसच्या खांद्यांवर पट्ट्या आल्या. त्या काढून टाकेपर्यंत मोहीम दोन दिवस लांबली.

हवालदारांना बाईसारखं वागायला शिकवण्याचं काम ताईवर सोपवलं गेलं. त्यात धोका नव्हता.

“मान खाली,” मागच्या अंगणात ताई सांगू लागली. “कुणाच्या डोळ्यात बघायचं नाही. बघितलं तर त्याला वाटतं, तुम्ही बोलावलंत. पर्स पाठीला नाही, पोटाशी धरायची. शक्यतो पाठ खांबाला लावून उभं राहायचं. खांब दुसऱ्या कुणी अडवला असेल तर भिंत. किल्ल्या मुठीत धरायच्या, टोक बाहेर. बस आली की लगेच चढायचं नाही, मागे कोण आहे ते आधी बघायचं. फोनवर कुणाशी तरी बोलतोय असं दाखवायचं.”

“पलीकडे कोण असतं?”

“कुणी नसतं.”

हवालदारांनी मूठ वळून किल्लीचं टोक बाहेर काढून पाहिलं. “एवढं सगळं नुसती बस पकडायला?”

“हो,” ताई म्हणाली. “आता चालून दाखवा. एवढी ढांगभर पावलं टाकू नका, दादा. रस्ता आपल्या बापाचा असल्यासारखं चालताय तुम्ही.”

मिशी काढल्यावर हवालदार घरी गेले तेव्हा बायकोने आधी दार उघडलंच नाही. ती शाळेत गणित शिकवायची, अनोळखी गोष्ट पटकन मान्य करायची तिला सवय नव्हती. ओळख पटल्यावर मात्र ती पोट धरून हसली, आणि हसून झाल्यावर कपाटातून आपली जुनी पर्स काढून दिली.

“कुठल्या थांब्यावर म्हणालात?”

“वाचनालयासमोरच्या.”

“तो छत्रीवाला का?”

हवालदार गार झाले. “तुला कसं माहीत?”

“शाळेतल्या सगळ्याच जणींना माहीत आहे. मी तर कधीची पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाते.”

“अगं, मग मला सांगायचं नाहीस? मी पोलिसात आहे!”

“सांगितलं होतं की,” बायको भाजी चिरता चिरता म्हणाली. “तुम्ही पेपर वाचत होतात. म्हणालात, मग पुढच्या थांब्यावर जात जा.”

मोहिमेच्या दिवशी भर दुपारी, ऐन गर्दीच्या वेळी, हवालदार रांगेत उभे राहिले. खांब आधीच कुणीतरी अडवला होता. बंदोबस्त चोख होता. एक शिपाई रसाच्या गाड्यावर, एक पेपर उघडून बाकावर, आणि फौजदार स्वतः कोपऱ्यावर जीपमध्ये. हवालदारांनी पांढरा रुमाल उंच धरला की तिघांनी धावायचं, असं ठरलं होतं. ताईला सापळ्यापासून सुरक्षित अंतरावर ठेवलं होतं. तिला मोहीम यशस्वी झाल्यावर आयुक्तांना द्यायचा पुष्पगुच्छ आणायला बाजारात पाठवलं होतं.

गृहस्थ आले. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट, छत्री. चेहरा इतका सालस, की कुणीही आपलं मूल पाच मिनिटं त्यांच्याजवळ सोपवून जावं. ते हवालदारांच्या मागे उभे राहिले. एका म्हाताऱ्याला त्यांनी पुढे जागा करून दिली, एका मुलीची खाली पडलेली पेन्सिल उचलून दिली. मग छत्री थोडी तिरपी झाली.

आता, हे हवालदार काही लेचेपेचे नव्हते. तरुणपणी त्यांनी कोयता घेतलेल्या दरोडेखोराला एकट्याने जमिनीवर लोळवलं होतं. त्याचं पदक घरच्या भिंतीवर आहे. पण त्या दुपारी, भर गर्दीत, तो हात अंगाला लागला, आणि हवालदारांचा रुमालाचा हात वर उठेना. डोक्यात पहिला विचार आला तो असा, की आपला काहीतरी गैरसमज होतोय; गर्दी आहे, चुकून लागला असेल. दुसरा विचार आला, लोक काय म्हणतील. तिसऱ्या विचारापर्यंत तो हात आणखी पुढे सरकला होता.

“ए!” हवालदारांच्या तोंडून शेवटी कसाबसा आवाज निघाला. “हात काढ!”

रांग हलली नाही. पुढच्या तरुणाने फोन डोळ्यांच्या आणखी जवळ नेला. एका बाईने आपली पिशवी या बगलेतून त्या बगलेत घेतली. मघाशी ज्याला पुढे जागा मिळाली होती तो म्हातारा मागे वळून म्हणाला, “अहो बाई, गर्दीत होतं असं. एवढंच असेल तर रिक्षाने जावं.”

गृहस्थांनी भुवया उंचावल्या, झाल्या प्रकाराने आपल्यालाच दुःख झालंय अशी मान हलवली, आणि नुकत्याच आलेल्या बसमध्ये ते चढून गेले.

बंदोबस्ताचं काय झालं, ते नंतर चौकशीत निष्पन्न झालं. रसाच्या गाड्यावरच्या शिपायाने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. दादा अभिनय फार छान करतायत, असं वाटून तो थांबला. पेपर उघडून बसलेला शिपाई रांगेतल्या दुसऱ्याच एका मुलीकडे पाहत होता. फौजदारांनी ओरडणं ऐकलं होतं. पण ठरलेली खूण रुमालाची होती, ओरडण्याची नव्हती.

आता योगायोग असा, की त्याच बसमध्ये ताई बसली होती, मांडीवर हा एवढा पुष्पगुच्छ घेऊन. खिडकीतून तिने सगळं पाहिलं. गृहस्थ चढताच ती उठली. गुच्छ त्यांच्या तोंडावर गेला आणि पुढच्या क्षणी त्यांचा उजवा हात त्यांच्याच पाठीवर होता. तिने बस थांबवली आणि त्यांना तसंच चालवत ठाण्यात आणलं. छत्रीही आणली.

ठाण्यात सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणाला आनंद व्हावा की राग यावा, याबद्दल आदेश नव्हते.

“तुम्हाला अटकेचं काम दिलं होतं का?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब. गुच्छाचं दिलं होतं.”

“गुच्छ कुठंय?”

ताईने पाकळ्या झडलेला दांड्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. शासकीय पुष्पगुच्छाची हेळसांड केल्याबद्दल तिला तिथल्या तिथे कारणे दाखवा नोटीस मिळाली. गृहस्थांना खुर्ची मिळाली.

ठाणे अंमलदार आणि हवालदार जुने दोस्त. एका ताटात जेवलेले. पण हवालदार फिर्याद द्यायला समोर बसले, तेव्हा अंमलदाराने चष्मा लावला आणि ‘तू’वरून तो ‘तुम्ही’वर आला.

“त्या वेळी काय घातलं होतंत?”

“तुझ्यासमोर बसलोय. हेच.”

“निळा ड्रेस,” अंमलदार पुटपुटला. “घट्ट होता?”

“आपल्या शिंप्याने शिवलाय. मापं तूच पाठवली होतीस.”

“मापांचा प्रश्न नाही. बघणाऱ्याला कसा वाटला असेल, हा प्रश्न आहे. त्या वेळेला तिथं काय काम होतं?”

“ड्युटी होती!”

“दुसरा थांबा नव्हता? बरं. लगेच का नाही ओरडलात?”

हवालदारांनी मांडीवरची पर्स जवळ ओढली. “आवाज फुटला नाही,” ते म्हणाले.

“इतके मोठे तुम्ही, पदकवाले, आणि आवाज फुटला नाही? कोर्टात कोण विश्वास ठेवेल?” अंमलदाराने आवाज खाली आणला. त्यात माया होती. “आणि एक सांगा, मिशी का काढलीत?”

“म्हणजे?”

“म्हणजे बघा, समोरचा वकील विचारणारच. इतकी वर्षं मिशी ठेवली आणि नेमकी त्याच आठवड्यात काढली. माणूस त्याचा अर्थ काय घेणार? तुम्ही तयारीनेच गेला होतात.”

हवालदारांना आता हे प्रश्न ओळखीचे वाटू लागले. प्रश्नांचा क्रम त्यांच्याच तोंडचा होता. अंमलदार त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता, आणि वाईट याचं वाटत होतं, की तो काम उत्तम करत होता.

प्रकरण साहेबांपुढे गेलं. साहेब कायद्याचं पुस्तक घेऊन बसले.

“विनयभंग लावता येत नाही,” ते म्हणाले. “विनय स्त्रीला असतो. हवालदाराला विनय असल्याची नोंद सेवापुस्तकात नाही.”

“आदेशात मी महिला आहे, साहेब. तात्पुरती.”

“मग महिलेची फिर्याद महिला पोलिसानेच घ्यायला हवी. ती ठाण्यात एकच. अटक तिनेच केलीय, म्हणजे तीही या प्रकरणात पक्षकार.”

“सरकारी नोकरावर हल्ला म्हणून घ्या ना साहेब,” ताई मागून म्हणाली. “ते ड्युटीवर होते.”

साहेबांनी चष्मा काढला. अशा वेळी ते फार समजूतदार दिसत. “ताई, जरा त्या गृहस्थांच्या बाजूने विचार करा. हा सरकारी नोकर आहे हे त्यांना कुठं ठाऊक होतं? त्यांना प्रामाणिकपणे वाटलं, ही साधी बाई आहे. त्यांचा हेतू शुद्ध होता.”

गृहस्थांनी खुर्चीतून नम्रपणे मान हलवली.

एवढ्यात त्यांचा मुलगा आला, सोबत सोसायटीतली माणसं. काका किती सज्जन, पाणी गेलं की टँकर तेच बोलावतात, जिन्यातला दिवा स्वतःच्या हाताने बदलतात. मुलाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने हवालदारांचे हात हातात घेतले आणि म्हणाला, “आई आजारी आहे हो. तिला कळलं तर काय होईल?” तो खोटं बोलत नव्हता. हवालदारांनाही वाईट वाटलं. आपण एक घर मोडतोय असं त्यांना वाटू लागलं, आणि ते घर त्या छत्रीने मोडलंय, हे क्षणभर त्यांच्याही ध्यानातून गेलं.

साहेबांनी हवालदारांच्या बायकोलाच शाळेतून बोलावून घेतलं. ती पर्समध्ये तपासायच्या वह्या कोंबून तशीच आली.

“वहिनी, तुम्हीच समजवा यांना,” साहेब म्हणाले. “उद्या पेपरात येईल, हवालदाराचा विनयभंग. खात्याची अब्रू जाईल. तुमच्या मुलीचं लग्न व्हायचंय. चार शब्द सांगा.”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. निळ्या ड्रेसमध्ये, बिनमिशीचे, पर्स पोटाशी घट्ट धरून ते बसले होते. घरात पदकाखाली बसून पेपर वाचणारा माणूस तो हाच का, असं ती बघत राहिली.

“तुम्हाला काय वाटतं?” तिने त्यांना विचारलं.

त्या दिवसात हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणी विचारला होता. त्यांनी खूप वेळ बोटातली किल्ली फिरवली.

“मी इथनं उठणार नाही,” ते म्हणाले. “लिहून घेतल्याशिवाय.”

“मग मी डबा पाठवते,” बायको म्हणाली, आणि साहेबांकडे न बघता निघून गेली.

हवालदार बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. कपडे बदलायची सोय नव्हती. ड्रेस हा मुद्देमाल होता. आणि फिर्यादीने गणवेशात बसणं नियमात बसत नव्हतं. येणारे-जाणारे बघत. ओळखीचे लोक न ओळखल्यासारखं करत, अनोळखी लोक ओळखीचं हसत. दुसऱ्या दिवशीही ते तसेच बसून होते. दुपारी कॉलेजची एक मुलगी पासपोर्टच्या कामाला आली. तिने त्यांच्याकडे पाहिलं, पुढे गेली, परत आली आणि शेजारी टेकली.

“काकू,” ती हळूच म्हणाली, मग बिचकली. “म्हणजे काका. तुमचंही त्याच थांब्यावर का?”

“हो.”

“छत्री?”

“हो.”

मुलगी पासपोर्टचं विसरली. तिच्या मागून हवालदारांच्या बायकोच्या शाळेतल्या दोघी आल्या, मग औषधाच्या दुकानातली बाई आली. बाक भरला. कुणी घोषणा दिल्या नाहीत. सगळ्या नुसत्या बसून होत्या, पर्सा पोटाशी धरून. हवालदार त्यांच्यात बसले की लांबून वेगळे दिसत नव्हते. त्यांतल्या दोघींना त्यांनीच पूर्वी खुर्ची आणि पाणी देऊन परत पाठवलं होतं. त्या दोघींनी त्यांना ओळखलं होतं. एकजण म्हणाली, “तुम्ही ते पाणीवाले ना?” हवालदारांनी मान खाली घातली. ती सरकली आणि त्यांना जरा जास्त जागा करून दिली. त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

तिकडे आयुक्तांच्या मेहुणीने पुन्हा जेवायला जायचं ठरवलं, आणि इकडे सगळ्यांच्या फिर्यादी नोंदल्या गेल्या. हवालदारांची शेवटी ‘धक्काबुक्की’ या कलमाखाली बसली.

मोहिमेचा अहवाल वर गेला. लिंगभेद दूर करण्यासाठी त्यात ठोस उपाय सुचवले होते. थांबा तिथून हलवावा. थांब्यावर ‘महिलांनी सावध राहावे’ असा फलक लावावा. महिलांना शिट्ट्या वाटाव्यात. सर्व पुरुष कर्मचाऱ्यांना स्त्री-पुरुष समानतेचं प्रशिक्षण द्यावं. प्रशिक्षण झालंही. व्याख्याते, अध्यक्ष आणि आभार मानणारे, सगळे पुरुष होते. गुच्छ ताईने दिले.

हवालदार मात्र बिघडले ते बिघडलेच. फिर्यादीच्या टेबलावर आता ते एवढंच विचारत, “बसा. काय झालं?” आणि बाई सांगेल ते लिहून घेत. मध्ये बोलत नसत. ताई शेजारी बसून कलमं सांगे. काम इतकं सोपं असेल अशी त्यांना कल्पना नव्हती. बायकांमध्ये बातमी पसरली, लांबलांबून बायका येऊ लागल्या, आणि वर्षअखेर आकडे पाहून वरच्या कचेरीला घाम फुटला. ज्या ठाण्याच्या हद्दीत महिलांवरचा एकही गुन्हा नव्हता, ते एकाच वर्षात सर्वांत असुरक्षित ठरलं. ढाल शेजारच्या ठाण्याला गेली. त्या ठाण्याचे हवालदार फार गोड बोलतात, असं कानावर आहे. साहेबांच्या टकलावर पडणारा उजेड गेला. हवालदारांना जप्त वाहनांच्या आवारात पाठवण्यात आलं, गंजलेल्या गाड्यांवर नजर ठेवायला. त्यांनी मिशी पुन्हा वाढवली नाही. बायकोने विचारलं तर म्हणाले, “राहू दे. खाताना मध्ये यायची.”

हवालदारांचा खटला अजून उभा आहे. गृहस्थ जामिनावर आहेत आणि पुढच्या थांब्यावरून बस पकडतात. त्यांच्या वकिलाचं म्हणणं एकच: इतकी भरलेली रांग होती, मग प्रत्यक्ष पाहणारा एक तरी माणूस आणा. शिपायाचं पाहणं धरता येत नाही, कारण त्याने ते अभिनय म्हणून पाहिलं होतं. आणि ताईचं धरता येत नाही, कारण तिने ते काचेतून पाहिलं होतं.

म्हणून सुट्टीच्या दिवशी ताई आणि हवालदार त्या थांब्यावर साक्षीदार शोधत फिरले. हवालदार शर्ट-पँटमध्ये होते, तरी चालताना ते आता कडेकडेने चालत. फोनवाला तरुण म्हणाला, मी मॅच बघत होतो. पिशवीवाली बाई म्हणाली, माझ्या घरी चालणार नाही. म्हातारा म्हणाला, मला वाटलं, ते दोघं नवराबायको असतील, आपण कशाला मध्ये पडा.

एक माणूस मात्र राहिला. रांगेत हवालदारांच्या अगदी मागेच, छत्रीच्या बाजूला तो उभा होता. त्याला सगळं स्वच्छ दिसलं असणार, याबद्दल दुमत नाही. त्याच्या हातात एक पुस्तक होतं. पोलीस खात्याची खिल्ली उडवणाऱ्या कुठल्याशा गोष्टी वाचत तो गालातल्या गालात हसत होता, असं रसाचा गाडेवाला सांगतो. हवालदार ओरडले तेव्हा त्याने एकदा मान वर केली, बघितलं, आणि ओळ चुकेल म्हणून बोट ठेवलेल्या जागी परत वाचायला लागला. नाव-गाव कळलं नाही. वाचणारा माणूस आहे म्हणून इथं लिहून ठेवलंय. कदाचित त्याच्या वाचनात येईल.

ठाणे कुठं आहे, ते तुम्हाला माहीत आहे. पाच मिनिटांचं काम आहे. येताय ना?